बाबांची पंचाहत्तरी आणि फणसाची माटोळी

गोव्यात, फोंड्याच्या बाजारात आमचं पूजासाहित्याचं दुकान आहे. सासऱ्यांनी घातलेलं, आता मी बघते. समया, ताम्हणं, पळी-पंचपात्र, निरांजनं, उदबत्ती, कापूर. चांदीचं काम ऑर्डरप्रमाणे. आईवडिलांच्या साठीला, पंचाहत्तरीला, सहस्रचंद्रदर्शनाला 'काहीतरी देवाचं' न्यायला मुलं येतात. बहुतेकांचं काम पाव तासात उरकतं, कारण घरात देवाबद्दल सगळ्यांचं एकमत असतं, निदान तसं धरून चालायची सवय असते. जिथे ते नसतं तिथलं गिऱ्हाईक रेंगाळतं. समई उचलून बघतं, खाली ठेवतं, किंमत विचारत नाही.

अशाच एका बाईचं हे प्रकरण. तिला विचारून लिहिते आहे. नावं आणि गाव काढून टाकलंय. घरातली बोलणी कोकणीत झाली, मी ती मराठीत उतरवली आहेत.

घर

मुलगी पन्नाशीच्या अलीकडची, मडगावला बँकेत. 2021 च्या मे महिन्यात, कोविडच्या दुसऱ्या लाटेत, तिचा नवरा गेला. त्यानंतर ती एका संप्रदायाच्या बैठकीला जाऊ लागली. आठवड्याची बैठक, सकाळची उपासना, जेवणाआधी दोन ओळी. 'त्या बायकांनी मला अंथरुणातून उठवलं' असं ती सांगते. त्यावर आपण काय बोलणार?

वडील निवृत्त मुख्याध्यापक. मूळचे सत्तरी तालुक्यातले, वाळपईच्या पलीकडचे. 1963 साली गोव्यात भाऊसाहेब बांदोडकरांचं पहिलं सरकार आलं आणि गावोगाव मराठी शाळा निघाल्या, त्यातल्या एका शाळेत वयानं मोठे होऊनच ते बसले. पुढे स्वतः मास्तर झाले, आयुष्यभर दुसऱ्यांची मुलं शिकवली. देव मानत नाहीत. त्याचा गाजावाजा नाही. देवळात न्यायचं म्हटलं तर बायकोला सोडतात, गाडीत पेपर वाचत बसतात. 'माझं देवाशी भांडण नाही, ओळखही नाही' हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

आई जुन्या वळणाची. सोमवार, संकष्टी, कुळदेवीची ओटी, जत्रेला कणग्या-केळी. घरातली रोजची पूजा तिच्याकडे. मोठा मुलगा पुण्याला असतो. त्यानं 'तू ठरव, अर्धे पैसे माझे' म्हणून अंग काढून घेतलं. त्याचा या प्रकरणात एवढाच भाग.

2025 च्या श्रावणात बाबांना पंचाहत्तर पुरी होत होती. मुलीला त्यांना आपल्या श्रद्धेतलं काहीतरी द्यायचं होतं. शाल आणि घड्याळ तिनं आधीच बाजूला सारलं होतं. तिचं म्हणणं: 'मला ज्यानं तारलं त्याचा वासही नसलेली वस्तू बाबांना देणं म्हणजे माझी चार वर्षं लपवून ठेवणं.' हे मला पटलं. भेटीतून देव वगळून टाका हा सोपा सल्ला होता, पण त्यानं प्रश्न सुटला नसता, नुसता झाकला गेला असता.

पादुका, पोथी, शांत, समई

ती आली तेव्हा मोबाईलमध्ये चांदीच्या पादुकांचा फोटो होता. चांदीचा भाव तेव्हा चढाच होता, तरी तिची तयारी होती. मी वही काढली, वजन लिहिलं, आणि विचारलं, 'यांची पूजा कोण करणार?'

ती गप्प झाली. पादुका शोकेसमध्ये ठेवायची वस्तू नव्हे. घरात आल्या की रोज पाणी, गंध, फूल आलं. बाबा ते करणार नाहीत. म्हणजे आईनं करायचं, आणि आईचे गुडघे गेलेले. आत्ताच ती देवघरासमोर स्टूल घेऊन बसते. वस्तू बाबांच्या नावावर आणि काम आईच्या अंगावर. हे मी दुकानात इतक्यांदा पाहिलंय की आता विचारल्याशिवाय राहवत नाही. शाळिग्रामाचंही तसंच. त्याची प्राणप्रतिष्ठा करावी लागत नाही म्हणून लोकांना तो सोपा वाटतो, पण घरात आणला की त्याला उपाशी ठेवत नाहीत.

दुसऱ्या काही वस्तू पूजा मागत नाहीत, नेम मागतात. तुळशीची माळ घ्या. दर आषाढीआधी कुणी ना कुणी येतं, 'वडलांना माळ द्यायची आहे' म्हणून. आमच्याकडे माळ विकायला आहे, विकतेही. पण वारकऱ्याची माळ पंढरपूरला जाऊन एखाद्या जाणत्या वारकऱ्याच्या हातून घ्यायची असते. तिच्याबरोबर एकादशी येते, मांसाहार सुटतो. सत्तरी ओलांडलेल्या गोंयकाराच्या गळ्यात मुलानं वाढदिवसाला माळ घालायची म्हणजे त्याच्या ताटातलं सुंगटाचं हुमण, कोळंबीचं कालवण, काढून घ्यायचं. हे ज्याचं त्यानं ठरवायचं असतं.

मुलीचा दुसरा विचार पोथीचा होता. तिच्या संप्रदायाची, जाड पुठ्ठ्याची, पुढे गुरूंचं चित्र. ही त्यातल्या त्यात निरुपद्रवी, असं तिला वाटत होतं. मी म्हटलं, बाबा वाचतील का? ती हसायला लागली. 'वाचतील. लाल पेन्सिल घेऊन.' बाबांना ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं दिसलं की दात दुखतो. आणि शुद्धलेखन बाजूला ठेवलं तरी पोथी देणं म्हणजे 'हे वाचा आणि मग बोलू' असं म्हणणं झालं. मास्तर माणसाला ते लगेच कळतं. त्यांनी जन्मभर तेच केलेलं असतं.

तिसरा पर्याय तिचा नव्हता, आईचा होता. पंचाहत्तरीला ऐन्द्री शांत करतात. साठीला उग्ररथ, सत्तरीला भैमरथी, मग ही. भटजींशी आईचं बोलणंही झालं होतं. बाबांनी सत्तरीला नाही म्हटलं होतं, आताही म्हटलं. मुलीला वाटत होतं की भेट म्हणून शांतीचा खर्च आपण करावा, म्हणजे आईच्या मनासारखं होईल आणि बाबांना 'मुलीनं केलंय' म्हणून बसावं लागेल. इथे मी स्पष्ट बोलले. शांतीत यजमान तेच. संकल्प त्यांनी सोडायचा, नाव-गोत्र त्यांनी उच्चारायचं, अभिषेकाचं पाणी त्यांच्या डोक्यावर पडायचं. न मानणाऱ्या माणसाला पाटावर बसवून त्याच्या तोंडून संकल्प वदवायचा, ही भेट नव्हे. शिवाय इच्छा आईची आहे तर ती आईची म्हणून पुरी करा. शेवटी तसंच झालं. आईनं कुळदेवीला स्वतःच्या नावानं अभिषेक केला, नवऱ्याच्या आयुष्यासाठी. पावतीवर तिचं नाव. बाबांनी नेहमीप्रमाणे तिला गाडीनं नेलं आणि बाहेर पेपर वाचला. दोघंही आपापल्या जागी खूष.

उरली समई. समई ही आमच्या धंद्याची पोळीभाजी आहे. कुणालाच खुपत नाही, सगळ्यांना चालते, ओतीव असेल तर वजनावर जाते आणि मला चार पैसे सुटतात. पण त्या घरात चार समया आधीच होत्या, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर. निवृत्तीच्या वेळी शाळेनं दिलेली, साठीला कुणीतरी दिलेली. पाचवी तिथेच जाणार होती. कुणाला न दुखावणारी वस्तू बहुतेकदा कुणापर्यंत पोचतही नाही.

चवथीला ते काय करतात

आम्ही दोघी अशा सगळं नाकारून बसलो होतो. गिऱ्हाईक हातचं जात होतं, हे माझ्या लक्षात होतं. सहज विचारलं, 'बाबा चवथीला काय करतात?'

'आरतीच्या वेळी बाहेर ओसरीतल्या सोप्यावर बसतात. पूजेला येत नाहीत.' मग थोडं थांबून: 'पण माटोळी तेच बांधतात.'

गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते. चवथ म्हणजे गणेशचतुर्थी. आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी पट्ट्यांची चौकट टांगतात, तिला रानातली आणि परसातली फळं-फुलं-कंदमुळं बांधतात. नारळाची पेंड, सुपारीचा घोस, केळीचा घड, तोरिंग, चिबूड, आंबाडे हे झालं घरचं. त्यावर रानचा माल: कांगल्याचे झुबके, लालभडक कवंडळं, आणि घागऱ्या, ज्यांच्या शेंगा वाळल्या की आत बी खुळखुळतं. बांधायला सुतळी नाही, केवणीच्या सालीचा दोर. ही माटोळी चवथीच्या आदल्या दिवशी बांधून होते. शहरातले लोक फोंड्याच्या, म्हापशाच्या माटोळी बाजारातून सगळं विकत आणतात. सत्तरीतल्या जुन्या घरांत अजून रानात जाणारी माणसं आहेत.

बाबा अशाच घरातले. मूर्तीच्या जागेकडे पाठ करून शिडीवर चढणार आणि दोन-अडीच तास एकेक जिन्नस बांधणार. जड माल कडेला, तुळईच्या बाजूला. रंगाचा माल मध्ये. वाजणारा माल जिथे वारा लागतो तिथे. दरवर्षी काय काय बांधलं त्याची वही ठेवलेली. कुठलं फळ कुठल्या आठवड्यात पिकलं, कुठलं यंदा दिसलंच नाही. शाळेत असताना मुलांना घेऊन रानात जायचे आणि झाडांची नावं पाठ करून घ्यायचे. 1999 साली म्हादई अभयारण्य झालं तेव्हापासून रानातून काय आणायचं आणि काय नाही यावर गावात त्यांचे वाद. कला आणि संस्कृती खात्याची माटोळीची स्पर्धा असते, तिच्यावर त्यांचा राग. नंबरासाठी लोक रान ओरबाडतात, एकाच झुबक्याच्या जागी दहा आणतात, असं त्यांचं मत. देव न मानणारा हा माणूस वर्षातून एकदा देवाच्या डोक्यावरचं छत स्वतःच्या हातानं बांधतो आणि त्यात कुणाला हात लावू देत नाही.

मी विचारलं, चौकट कशी आहे? आजोबांच्या वेळची. एक कोपरा वाळवीनं खाल्लेला, तारेनं बांधलाय. बाबा दरवर्षी म्हणतात, पुढच्या चवथीला बदलूया.

मुलीच्या तोंडावर मात्र निराशा होती. 'यात देव कुठे आहे?' ती म्हणाली. 'हा तर सुतारकामाचा खर्च.' तिला गुरूंपर्यंत पोचणारं काहीतरी हवं होतं, आणि मी तिला फणसाच्या पट्ट्या दाखवत होते. मी तिला एवढंच म्हटलं की बाबा उद्या, परवा, कधीच बदलले नाहीत तरी जी वस्तू द्यावीशी वाटेल ती दे. पादुका दिल्या तर तू रोज बघत राहशील की आज हात जोडले का. माटोळीखाली गणपती बसतो. तो तुझाही आहे, आईचाही आहे, आणि बाबांचा जेवढा आहे तेवढा आहे.

ती काही न घेता गेली.

भाऊबंदांची परवानगी

काही दिवसांनी फोन आला. पटलं होतं, पण अडचण निघाली होती. गोव्यात चवथीचा गणपती बहुधा एका माणसाचा नसतो, कुटुंबाचा असतो. मूळ घरात एकच मूर्ती, सगळे भाऊबंद तिथे जमतात, जो तो आपल्या वाट्याचा खर्च करतो. म्हणजे माटोळीची चौकट बाबांची नव्हेच. बाबांना ती 'भेट' देता येणार नव्हती. ती घराला द्यावी लागणार होती, आणि त्यासाठी थोरल्या काकांचा होकार हवा. काका ऐंशीच्या पुढचे.

काका म्हणाले, देवाच्या वरची वस्तू आहे, कौल घेऊया.

कौल म्हणजे, देवळात मूर्तीच्या अंगावर फुलाच्या पाकळ्या लावतात, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात, आणि कुठली पाकळी पडते ते बघतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, घर, विहीर, आजारपण, सगळ्यालाच आमच्याकडे कौल लागतो. मुलीला हे ऐकून बरंच वाटलं. देवानं होकार दिलेली चौकट! तिला हवा असलेला वास आता त्या लाकडाला येणार होता.

तिनं हे आईला सांगितलं, तेव्हा आईनं चुलीवरचं भांडं उतरवलं आणि तिला बसवलं.

बाबांना एक धाकटी बहीण होती. गोवामुक्तीच्या आधीची, पोर्तुगीज राजवटीतली गोष्ट. ताप आला, उतरेना. वाळपईला डॉक्टरकडे न्यायचं की नाही यासाठी आजोबांनी कौल लावला. डावा पडला. दोन दिवसांनी परत लावला, परत डावा. पोरगी गेली. बाबा तेव्हा आठ-नऊ वर्षांचे, गाऱ्हाणं घालताना आजोबांच्या शेजारी उभे होते. 'आत्या लहानपणी तापानं गेली' एवढंच मुलीला ठाऊक होतं. बाबांनी कौलाचं कधी काढलं नाही, आईलाही लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, ते सुद्धा सासूकडून कळलं.

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही जागा. बाबा देव मानत नाहीत हे सगळ्या घराला पाठ होतं, का मानत नाहीत हे कुणी विचारलं नव्हतं. मुलीला वाटत होतं, शिकल्यामुळे, पुस्तकं वाचून, मास्तरकीच्या अहंकारातून. म्हणून ती पुस्तकाला पुस्तकानं उत्तर द्यायला निघाली होती. आणि आता नेमक्या त्या पाकळीच्याच होकारानं मिळालेली भेट ती त्यांच्या पुढ्यात ठेवणार होती.

कौल रद्द कसा करायचा हा वेगळाच पेच. काकांना 'कौल नको' म्हटलं तर काका दुखावणार, आणि का नको हे सांगितलं तर पासष्ट वर्षं झाकलेलं उघडं पडणार. मुलगी बँकेत कर्जाच्या टेबलावर बसते, माणसांना कागद बघायला लावणं तिला जमतं. ती काकांकडे एकटीच गेली आणि विचारलं, आत्ताची चौकट आजोबांनी लावली तेव्हा कौल घेतला होता का? काकांनी बराच वेळ आठवून पाहिलं. नव्हता घेतला. मेस्ताला, म्हणजे सुताराला, बोलावलं होतं आणि एक नारळ ठेवला होता. 'मग आपणही नारळ ठेवूया,' ती म्हणाली. काकांना रीत मोडल्यासारखं वाटलं नाही, आणि विषय संपला. खरं कारण काकांना माहीत होतं की नव्हतं, हे तिलाही कळलं नाही.

भेट गुपचूप करून चवथीला दाखवायची असं तिच्या मनात होतं. तेही मी मोडून काढलं. देवाधर्माच्या बाबतीत माणसाला अचानक गाठू नये; चारचौघांसमोर त्याला खोटं हसावं तरी लागतं नाहीतर खरं बोलावं लागतं, आणि दोन्हींत वाढदिवस वाया जातो. तिनं बाबांना विचारलं. ते म्हणाले, 'कौल लावणार नाहीत ना?' ती म्हणाली, नाही. 'मग चालेल.'

ती म्हणते, एवढ्या बोलण्यात त्यांना कळलं की तिला कळलंय. त्यावर पुढे दोघं काही बोलले नाहीत.

मेस्त आणि कप्पी

आता आईनं खोडा घातला. 'शिडीवर चढणार असतील तर मला ती माटोळी नको.' तिचंही बरोबर होतं. मागच्या चवथीला बाबांचा पाय एका पायरीवरून सटकला होता, खाली पुतण्या होता म्हणून निभावलं. नवी चौकट दिली म्हणजे त्यांना आणखी दहा वर्षं शिडीवर चढायचं आमंत्रणच.

उपाय मेस्तानं काढला. चौकट कप्पीवर घ्यायची. तुळईला दोन कप्प्या, दोर खुंटीला. माटोळी छातीपर्यंत खाली घ्यायची, स्टुलावर बसून बांधायची, मग चौघांनी वर ओढायची. वर गेली की चारही कोपरे लोखंडी आकड्यांत अडकवायचे, म्हणजे भार दोरावर राहत नाही. लाकूड फणसाचं, घरच्याच पडलेल्या झाडाचं. भरलेली माटोळी भलतीच जड होते, म्हणून मेस्तानं आधी 25 किलोची दोन तांदळाची पोती टांगून रात्रभर ठेवली. सकाळी तुळई जागची हलली नव्हती. काकांनी 'देवाच्या डोक्यावर कप्पी?' म्हणून कुरकुर केली, पण मूर्ती माटोळी वर गेल्यावरच बसते हे मेस्तानं दाखवून दिलं.

मुलीला पुढच्या पट्टीवर तिच्या संप्रदायाची खूण कोरून हवी होती. बोटभर. मी नको म्हटलं. त्या घरात तीन भावांची कुटुंबं जमतात, त्यांतले एक दुसऱ्याच महाराजांचे. आज तिची खूण, उद्या त्यांचीही कोरा म्हणतील. ती माझ्यावर चिडली. 'मग माझं यात काय?' मी म्हटलं, पैसे तुझे, खटपट तुझी. तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही हे मला दिसत होतं, पण पट्टी कोरी राहिली. सगळा खर्च धरून पादुकांच्या निम्माही झाला नाही. आमच्या दुकानातून गेला तो फक्त नारळाबरोबरचा कापूर.

चवथ

2025 ची चवथ 27 ऑगस्टला होती. आदल्या दिवशी बाबा सकाळीच मूळ घरी गेले. पहिल्यांदा त्यांनी चौकट खाली घेऊन सगळे सांधे बोटांनी दाबून पाहिले आणि पट्ट्या फार जवळ आहेत म्हणून मेस्ताच्या नावानं बोटं मोडली. नारळाची पेंड पट्ट्यांच्या मध्ये मावत नव्हती. मेस्ताला फोन करून बोलावलं, दोन पट्ट्या काढायला लावल्या. मग स्टुलावर बसले. गुडघ्यांमुळे रानात ते आता जात नाहीत, पुतण्याची पोरं माल आणतात. ती एकेक जिन्नस हातात देत होती आणि प्रत्येकाचं नाव सांगितल्याशिवाय ते घेत नव्हते. केवणीची साल पाण्यात भिजत घातलेली. गाठ मारताना एक टोक दातात धरायचं, ही त्यांची जुनी सवय.

वहीत त्या वर्षीची यादी लिहायची होती. हात कापतो म्हणून त्यांनी मुलीला लिहायला सांगितलं. तिनं सवयीनं पानाच्या माथ्यावर बैठकीत लिहितात ती गुरूंच्या नावाची ओळ लिहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं. बाबांनी पान बघितलं. खालच्या यादीत 'कवंडळ' तिनं चुकीचं लिहिलं होतं, ते खोडून दुरुस्त केलं. माथ्यावरच्या ओळीला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी घुमट, शामेळ, कासाळें ही वाद्यं घेऊन पोरं आरतीला उभी राहिली आणि बाबा नेहमीसारखे उठून सोप्यावर जाऊन बसले.

याचं तिला वाईट वाटलं. चवथीनंतर दुकानात आली तेव्हा तेच आधी बोलली. 'एवढं केलं, तरी बाहेरच.' तिच्या मनात कुठेतरी होतं की या वर्षी ते आत उभे राहतील, निदान दाराशी. मी तिला समजावत बसले नाही. भेट देताना मनात ठेवलेली आशा अशी एका दिवसात निघत नाही, आणि ती ठेवली म्हणून भेट खोटी ठरत नाही. तिनं वही मोबाईलवर काढून आणली होती, ती दाखवली. पानावर खाली बाबांच्या थरथरत्या अक्षरात एक ओळ होती: 'कप्पीची सोय उत्तम. पट्ट्यांतील अंतर वाढवले.' मास्तरांकडून 'उत्तम' शेरा शाळेत फार थोड्यांना मिळाला असेल.

विसर्जनानंतर बाबांनी चौकटीला काजूच्या टरफलाचं तेल लावलं, वाळवीसाठी. घरभर वास सुटला. काका अजून तक्रार करतात.

आईचं

आता पुढचं प्रकरण सुरू झालंय. आईची सत्तरी जवळ आली आहे, आणि मुलीला वाटत होतं की आईचं सोपं. आई देव मानते. पण आईला काय हवंय ते तिनं न विचारता सांगितलं. तिला म्हापशाच्या चर्चला जायचंय, मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, फेस्ताला. ईस्टरनंतर येतं ते. शिरगावच्या लईराई देवीची ती बहीण, असं आमच्याकडे मानतात, आणि हिंदू बायका त्या चर्चमध्ये तेल घालायला रांगेत उभ्या असतात. आई लग्नाआधी दरवर्षी जायची. गुडघे गेल्यापासून राहिलं. तिचा एक जुना नवस आहे, कसला ते सांगत नाही.

मुलीच्या बैठकीत नवस-सायास वर्ज्य. एकच गुरू, एकच उपासना. तिनं फोन करून विचारलं, 'हे मी कसं करू? माझं तिथे काहीच नाही.' मी म्हटलं, तुला तेल घालायला कोण सांगतंय? गाडी काढ, आईला चर्चच्या दारापर्यंत सोड, आत रांग लांब असते म्हणून घडीची खुर्ची घे. तेल आणि मेणबत्त्या बाहेर मिळतात, ते ती तिच्या पैशानं घेईल. तू गाडीत पेपर वाच.

ती हसली, पण अजून हो म्हणालेली नाही.